कामठी छावणीतून काळ्या पाण्यावर गेलेला गोरा शिपाई: ऑस्ट्रेलियात त्याचा माग कसा काढायचा?

कन्हानकाठ

नमस्कार मंडळी. कामठी छावणीच्या जुन्या दिवसांवर गावच्या वाचनालयासाठी एक पुस्तिका तयार होऊन राहिली आहे. त्यात एका गोऱ्या शिपायाचं प्रकरण घ्यायचं आहे. मद्रास लष्कराच्या छापील हुकुमात त्याच्याबद्दल चारच ओळी आहेत. १८३४ साली कामठीला जनरल कोर्ट मार्शल झालं, आरोप सार्जंटवर हात उचलल्याचा, शिक्षा 'फेलन (म्हणजे मोठा गुन्हेगार) म्हणून चौदा वर्षं समुद्रापार'. नाव, पलटणीचा नंबर आणि खटल्याची तारीख दिली आहे. कुठे पाठवलं ते नाही.

नाव अगदी साधं आहे, त्या काळी इंग्लंड-आयर्लंडात घरोघरी सापडेल असं. ऑस्ट्रेलियाच्या कैद्यांच्या एका मोठ्या फुकट यादीत त्या नावाचे अकरा जण मिळाले, पण अकराही जणांचा खटला इंग्लंडातल्याच कोर्टात चाललेला.

विचारायचं असं की: १) हा माणूस ऑस्ट्रेलियालाच गेला असेल की सिंगापूर-अंदमानकडे? २) इतक्या सारख्या नावांतून आपला माणूस ओळखायचा कसा? ३) लंडनला न जाता, इथूनच किती काम होऊ शकतं? मोबाइलवर रेंज राहते, पण मोठ्या फायली उतरत नाहीत.

मिसलबंदोबस्त

भाऊ, तुमच्याजवळ खटल्याची तारीख आणि जागा आहे, म्हणजे अर्धं काम झालं. बहुतेकांकडे नुसतं नाव असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. अंदमान सोडून द्या, तिथली कैद्यांची वसाहत १८५८ ची. त्याआधी कंपनी सरकार हिंदुस्थानी कैद्यांना पेनांग, मलाक्का, सिंगापूर, तेनासरीम, मॉरिशस इकडे पाठवत असे. गोऱ्या शिपायाला समुद्रापारची शिक्षा झाली की तो सहसा ऑस्ट्रेलियाला जायचा. ऑस्ट्रेलियात नेमका कुठे, हे साल पाहून ठरवा. न्यू साउथ वेल्सला, म्हणजे सिडनीकडच्या मुलखाला, कैदी पाठवणं १८४० मध्ये थांबलं. व्हॅन डीमेन्स लँड, म्हणजे आजचं टास्मानिया, १८५३ पर्यंत कैदी घेत होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८ एवढाच काळ. तुमचा माणूस १८३४ चा, म्हणून आधी सिडनीचं दप्तर पाहा, तिथे नाहीच मिळाला तर होबार्टचं, म्हणजे टास्मानियाचं. खटला १८४० नंतरचा असता तर उलट क्रम सांगितला असता. हे न ठरवता शोधायला बसलं की महिना वाया जातो.

आता त्या फुकट यादीचं. ती लंडनच्या गृहखात्याच्या रजिस्टरांवरून केलेली आहे. मूळ रजिस्टर एचओ ११ या मालिकेतली, ब्रिटनहून सुटलेल्या जहाजांची. क्वीन्सलँडच्या राज्य ग्रंथालयाने त्यातल्या सुमारे १,२३,००० कैद्यांची सूची केली आणि बऱ्याच साइटी तीच वापरतात. एकूण कैदी १,६०,००० च्या वर होते, म्हणजे चौथा हिस्सा तिथे नाहीच. मद्रासहून व्यापारी जहाजात चार-सहा जणांच्या टोळीने चढवलेला शिपाई त्या रजिस्टरात कुठून येणार? तुमचे अकराचे अकरा जण इंग्लंडचे निघाले, ते बरोबरच आहे. त्यातला 'जवळचा' एखादा उचलून पुस्तिकेत घालू नका. अशीच चूक करून लोकांनी परक्याच माणसाची वंशावळ छापली आहे.

आपला माणूस ओळखायची रीत आपल्याकडच्यासारखीच. एका गावात तीन रामा असले तर आपण बापाचं नाव आणि खसरा नंबर पाहतो. तिथे खसऱ्याच्या जागी जहाज असतं. कैद्याची ओळख नाव, जहाज आणि पोहोचल्याचं साल अशी लिहीत, 'अमुक, पर एशिया, १८२७' असं, म्हणजे एशिया जहाजाने १८२७ ला आलेला. एकच जहाज पुन्हा पुन्हा फेऱ्या करायचं आणि एका नावाची जहाजंही एकाहून जास्त असत. म्हणून जहाजाच्या नावापुढे कंसात फेरीचा आकडा टाकतात, तोही उतरवून घ्या. जहाज एकदा कळलं की पुढची प्रत्येक नोंद त्यावर तपासता येते.

जहाज कळायच्या आधी पलटणीकडून एक काम करून घ्या. पलटण राजाची होती की कंपनीची, हे पहिलं. नंबर आणि 'फुट' असा शब्द असेल तर राजाची, आणि 'मद्रास युरोपियन' असं असेल तर कंपनीची. राजाच्या पलटणींची पगार-मस्टरं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १२ मालिकेत आहेत. कंपनीच्या मद्रास लष्कराचे कागद ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात एल/मिल/११ खाली आहेत. परदेशात मंजूर झालेल्या जनरल कोर्ट मार्शलची रजिस्टरं डब्ल्यूओ ९० मध्ये आहेत.

मस्टर तिमाहीचं असतं. खटल्याच्या तिमाहीत नावासमोर शेरा पाहा. त्याच मस्टराच्या शेवटी पलटणीतून कमी झालेल्या माणसांचा तक्ता असतो, त्यात मेलेले, पळालेले, सुटलेले, शिक्षा होऊन गेलेले सगळे येतात. त्या तक्त्यात जन्मगाव, भरतीपूर्वीचा धंदा आणि भरतीची तारीख मिळते. हे जन्मगाव जपून ठेवा. पुढे सिडनीच्या कागदात 'नेटिव्ह प्लेस' असा रकाना येतो, तो याच्याशी जुळवायचा आहे. नाव जुळलं, जन्मगाव जुळलं, खटल्याचं साल जुळलं, मग माणूस आपला.

ही मस्टरं सगळी ऑनलाइन नाहीत. नकलेसाठी क्यूला अर्ज करता येतो, पण पलटण, साल आणि तिमाही नेमकी लिहा. 'सगळं शोधून द्या' असा अर्ज परत येतो.

वर्धेचा वाचक

इथूनच काय होतं त्याबद्दल. ब्रिटनमधल्या ऑस्ट्रेलियाविषयीच्या दप्तराच्या फिल्मा १९४८ ते १९९७ या काळात काढल्या गेल्या. ऑस्ट्रेलियन जॉइंट कॉपिंग प्रोजेक्ट म्हणतात त्याला. त्या आता ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या साइटवर फुकट दिसतात. त्यात एचओ १० आहे, म्हणजे वसाहतीतली शिरगणती आणि मस्टरं. १८३७ चं न्यू साउथ वेल्सच्या कैद्यांचं मस्टर तुमच्या कामाचं आहे. तुमचा माणूस १८३५-३६ मध्ये पोहोचला असेल तर त्यात नाव, वय, जहाज आणि कोणाकडे कामाला लावला ते सापडायला हवं.

फिल्मेत आतून नाव शोधता येत नाही, पानं चाळावी लागतात. म्हणून आधी मालिकेच्या वर्णनात अक्षरक्रम आणि पानांचे आकडे पाहा आणि हवं तेवढंच पान उघडा. पूर्ण फाइल उतरवायच्या फंदात पडू नका. सिडनीच्या राज्य अभिलेखागाराची कैद्यांची सूची फुकट आहे, मोबाइलवरही चालते. पानांच्या प्रतिमा मात्र बहुतेक वर्गणीच्या साइटवर. टास्मानियाचं उलट आहे, राज्य ग्रंथालयाच्या नावांच्या सूचीतून मूळ पानाची प्रतिमाच फुकट उघडते.

जुनंअक्षर

सूचीत शोधताना नावापेक्षा जागेचं स्पेलिंग जास्त छळतं. कामठी इंग्रजीत 'के'नेही लिहीत आणि 'सी'नेही, मध्ये 'पी' असायचा किंवा गळायचा, शेवटी दोन 'ई' किंवा एक 'वाय'. पुष्कळदा कामठी नसतंच, नुसतं 'मद्रास', 'फोर्ट सेंट जॉर्ज', 'नागपोर' किंवा 'ईस्ट इंडीज' असतं. कैदी सिडनीला उतरला की तिथला कारकून ऐकून लिहायचा, आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी सूची करणाऱ्याने ते पाहून टाइप केलं. दोन वेळा चूक व्हायची जागा आहे ही. म्हणून जागेचा रकाना रिकामा सोडून आधी आडनाव आणि साल टाकून पाहा.

नावांची छोटी रूपं पाठ करून ठेवा. 'जे-एन-ओ' म्हणजे जॉन, 'जे-ए-एस' म्हणजे जेम्स, 'डब्ल्यू-एम' म्हणजे विल्यम, 'टी-एच-ओ-एस' म्हणजे थॉमस. आयरिश आडनावाच्या आधीचा 'ओ' कधी असतो, कधी नसतो. आणि एक अक्षर तर हमखास फसवतं. दोन 'एस' लागोपाठ आले की हाताने लिहिताना पहिला 'एस' लांब, खाली शेपूट सोडून काढत. तो 'एफ' किंवा 'पी' सारखा दिसतो. रॉस आडनावाचा माणूस सूचीत 'रॉफ्स' म्हणून बसलेला असू शकतो.

आता इंडेंट. जहाजाबरोबरचा कैद्यांचा तक्ता म्हणजे इंडेंट. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यात भरपूर रकाने येतात. वय, वाचता-लिहिता येतं का, धर्म, लग्न झालं का, मुलं किती, जन्मगाव, धंदा, गुन्हा, खटला कुठे आणि कधी, शिक्षा किती, आधीच्या शिक्षा, उंची, रंग, केस, डोळे, आणि शेवटी अंगावरच्या खुणा. शिपायासाठी हा शेवटचा रकाना आधी वाचा. तिथे 'डी' हे अक्षर दिसलं तर तो कधीतरी पलटणीतून पळून पकडला गेला होता. पळालेल्याच्या अंगावर 'डी' गोंदवत, ती पद्धत १८७१ पर्यंत चालू होती. पाठीवर फटक्यांचे वण असले तर तेही लिहीत. गोंदवलेलं नांगराचं चित्र, प्रेयसीच्या नावाची अक्षरं, भुवईवरची खोक, हे सगळं तसंच्या तसं उतरवून घ्या. एका रकान्यात दोन ओळी असतात, पण तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो तो तेवढ्याच ओळींतून. फोटोचा काळ नव्हता तो.

वयात दोन-तीन वर्षांचा फरक चालतो, उंचीत एखाद्या इंचाचा. डोळ्यांचा रंग एकीकडे तपकिरी आणि दुसरीकडे निळा असेल तर थांबा आणि पुन्हा पाहा.

दर्जाच्या अक्षरांत गोंधळ होतो, म्हणून सांगून ठेवतो. 'टी.एल.' म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह, शिक्षा चालू असतानाच स्वतःचं काम करायची परवानगी, मिळालेला. 'एफ.एस.' म्हणजे शिक्षा भोगून मोकळा झालेला. 'सी.पी.' म्हणजे सशर्त माफी, मुदत संपेपर्यंत ब्रिटनला परतायची बंदी. 'ए.पी.' म्हणजे पूर्ण माफी. 'बी.सी.' म्हणजे वसाहतीतच जन्मलेला. 'सी.एफ.' चा अर्थ मात्र कागदावर अवलंबून आहे. १८२८ च्या शिरगणतीत 'सी.एफ.' म्हणजे मोकळा माणूस म्हणूनच आलेला, आणि आजच्या संशोधकांच्या टिपणांत तेच अक्षर सर्टिफिकेट ऑफ फ्रीडमसाठी, म्हणजे शिक्षा संपल्याच्या दाखल्यासाठी, वापरतात. हे न पाहिलं तर कैद्याला 'स्वखुशीने आलेला' ठरवून बसाल.

कन्हानकाठ

मनापासून आभार. जागेचा रकाना रिकामा सोडल्याबरोबर सिडनीच्या सूचीत त्या नावाचे दोन जण हिंदुस्थानातून आलेले दिसले. पहिल्याच्या समोर 'मद्रास', १८४१ चं तिकीट ऑफ लीव्ह. दुसऱ्याच्या समोर 'ईस्ट इंडीज', १८४२ चं सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम. जहाजं वेगवेगळी. मस्टराची नक्कल यायला वेळ लागेल. तोवर दोघांतला आपला कोणता, हे सांगता येतं का? आणि सार्जंटला मारण्यासारख्या गुन्ह्यासाठी इतक्या दूर पाठवायचे, हे खरंच होतं का?

मिसलबंदोबस्त

गणित करा. शिक्षा मोजतात ती खटल्याच्या तारखेपासून, जहाज पोहोचल्याच्या तारखेपासून नाही. १८३४ मध्ये चौदा वर्षं, म्हणजे मोकळा होणार १८४८ मध्ये. सर्टिफिकेट ऑफ फ्रीडम मुदत संपल्याशिवाय मिळत नाही. १८४२ ला ते मिळालेला माणूस बहुधा सात वर्षांच्या शिक्षेचा, खटला १८३५ च्या आसपासचा. तो तुमचा नाही.

तिकीट ऑफ लीव्हचा हिशेब वेगळा. न्यू साउथ वेल्समध्ये वागणूक चांगली असेल आणि एकाच मालकाकडे राहिला असेल तर सात वर्षांवाल्याला चार वर्षांनी, चौदावाल्याला सहा वर्षांनी, जन्मठेपवाल्याला आठ वर्षांनी तिकीट मिळायचं. मालक बदलला की मुदत वाढायची. कामठीहून मद्रासला हजार किलोमीटरहून जास्त वाट, मग जहाजाची वाट पाहणं, मग समुद्र. १८३५ मध्ये पोहोचला आणि सहा वर्षं मोजली तर १८४१. पहिला माणूस नीट बसतो. पण 'बसतो' म्हणजे 'तोच आहे' असं नाही. १८४८ च्या सर्टिफिकेटांत त्याच जहाजाचं नाव शोधा. मिळालं तर दोन्ही बाजूंनी गाठ बसली. जन्मठेपवाल्याला सर्टिफिकेट कधीच मिळत नाही, त्याला माफीच लागते, हेही ध्यानात ठेवा.

त्या १८४१ च्या तिकिटाची स्थळप्रत मागवा, नुसत्या सूचीवर थांबू नका. इंग्रजीत बट म्हणतात. छापील अर्जासारखं पान असतं. वर नंबर आणि तारीख, खाली नाव, जहाज, साल, जन्मगाव, धंदा, गुन्हा, खटल्याची जागा आणि तारीख, शिक्षा, मग उंची, केस, डोळे, खुणा. त्याखाली 'अमुक जिल्ह्यात राहण्यास परवानगी' आणि कोणत्या मॅजिस्ट्रेट बेंचच्या शिफारशीने ते. खटल्याची तारीख तुमच्या हुकुमाशी जुळली की वाद मिटला. समासात वा मागे हाताने लिहिलेलं असेल तर तेही मागा. जिल्हा बदलला, गैरहजर राहिला म्हणून तिकीट रद्द झालं, असे शेरे तिथेच असतात. तिकीटवाल्याला स्वतःचं काम करून कमावता यायचं, पण जिल्हा सोडता येत नसे. दुसरीकडे जायचं तर वेगळा परवाना, त्याचीही नोंद वेगळी.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हो, वरिष्ठावर हात टाकणं लष्करात फार मोठा गुन्हा होता. आणि काही शिपाई पलटणीतून सुटण्यासाठी मुद्दाम गुन्हा करत. १८२६ मध्ये सिडनीत ५७ व्या पलटणीच्या जोसेफ सड्स आणि पॅट्रिक थॉम्प्सन यांनी त्याचसाठी दुकानातून कापड चोरलं. गव्हर्नर डार्लिंगने त्यांना साखळदंड घालून पलटणीसमोर उभं केलं आणि थोड्याच दिवसांत सड्स मेला. हीच ५७ वी, आणि ३९ वी सुद्धा, सिडनीचा पहारा संपवून १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्यात आल्या. म्हणजे कैद्यांचं तिथलं आयुष्य पाहिलेले शिपाई या बाजूला होते. तुमच्या माणसाच्या मनात तेच होतं असं मात्र लिहू नका, त्याला कागद लागेल. त्याची पलटण त्याआधी कुठे होती एवढं लिहिता येईल.

मुळं_आणि_माती

सुटकेनंतरचं राहिलं, आणि खरं आयुष्य तिथूनच सुरू होतं, म्हणून लिहिते.

तिकीट किंवा शिक्षा चालू असताना लग्न करायचं तर गव्हर्नरची परवानगी लागे. न्यू साउथ वेल्सचे हे अर्ज १८२६ ते १८५१ चे आहेत. दोघांची वयं, जहाजं, दर्जा, पाद्री, आणि मंजूर की नामंजूर. इंडेंटमध्ये 'विवाहित' लिहिलेलं असेल तर त्याच कारणाने नामंजूर व्हायचा. म्हणून नामंजूर अर्जही पाहा, त्यातून मागे राहिलेली बायको कळते. कामठीला लग्न झालं असेल तर ते मद्रासच्या चर्च-नोंदींत, इंडिया ऑफिसच्या एन/२ मालिकेत येतं. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांच्या फिबिस या संस्थेची सूची फुकट आहे, तिथून सुरुवात करा, भाऊ.

ट्रोव्हवरच्या वर्तमानपत्रांत नुसतं नाव टाकू नका. आडनाव आणि जहाज एकत्र टाका. १८३२ पासूनच्या न्यू साउथ वेल्स सरकारी गॅझेटमध्ये तिकीट मिळालेल्यांच्या आणि पळालेल्यांच्या याद्या छापल्या आहेत. पळालेल्याचं वर्णन इंडेंटपेक्षाही बारीक असतं. यंत्राने वाचलेला मजकूर चुकीचा असतो, म्हणून शोधात काही आलं नाही तरी त्या महिन्याचा अंक उघडून डोळ्यांनी पाहा.

मृत्यूची नोंद आपल्या कोतवाल बुकासारखी एकाच जागी नाही. सरकारी नोंदणी टास्मानियात १८३८ च्या डिसेंबरपासून, व्हिक्टोरियात १८५३ च्या जुलैपासून, न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ च्या मार्चपासून. त्याआधी चर्चची वही. १८५१ ला सोनं सापडलं आणि सुटलेले पुष्कळ कैदी व्हिक्टोरियाकडे गेले. म्हणून सिडनीला मृत्यू मिळाला नाही तर तिथे शोधा. व्हिक्टोरियाच्या आणि न्यू साउथ वेल्सच्या मृत्यूपत्रकात आईबाप, जन्मगाव आणि 'वसाहतीत किती वर्षं' असा रकाना असतो. टास्मानियाच्या पत्रकात आईबाप नसतात.

घरच्यांनी कैदी असल्याचं दडवलेलं असतं, तो रकाना पत्रकात नाहीच. पण 'वसाहतीत किती वर्षं' यात आकडा असतो. मृत्यूच्या सालातून तो वजा करा. उत्तर १८३५ च्या जवळ आलं आणि जन्मगाव मस्टराशी जुळलं, तर तुमच्या हुकुमातल्या चार ओळींचा माणूस तोच. पत्रक विकत घ्यावं लागतं. म्हणून आधी सूचीतले सगळे सारख्या नावाचे मृत्यू कागदावर उतरवा, वयावरून जन्मसाल काढा, जे बसत नाहीत ते खोडा, आणि उरलेल्यातलं एकच मागवा. कोणाच्या सांगण्यावरून नोंद झाली, तेही नाव त्यात असतं. मुलगा असला तर पुढची पिढी तिथून लागते.